संचालक मी, पण पाळीचा तक्ता लावतं कोण?

टेलकडची_सून (दिंडोरी तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे. तोडून विचारला तर उत्तरंही तुटकच येतील, म्हणून एकदाच सगळं लिहिते. गावाचं आणि संस्थेचं नाव देत नाही. चारी, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणारा पाट, एवढीशी आहे, माणसं लगेच ओळखू येतील.

आमच्या चारीवर पाणी वापर संस्था आहे, चारीचं पाणी आपसात वाटून घेणारी शेतकऱ्यांची संस्था. यंदा संचालक मंडळात बाईची जागा भरायची होती. सभासदांची यादी काढली तर तिच्यात बायका अगदी थोड्या, आणि त्यातल्या बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या विधवा आज्या. माझं नाव निघालं, कारण टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटाचा, पाऊण एकराचा तुकडा माझ्या नावावर घेतलेला आहे. आमचे मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, कधी फर्स्ट शिफ्ट, कधी नाइट. शेती मी आणि सासूबाई बघतो. कांदा, गहू, पावसाळ्यात सोयाबीन, थोडे टोमॅटो. द्राक्षाच्या भानगडीत पडलो नाही, औषधांचा खर्चच झेपणारा नाही. तर एका संध्याकाळी दोघं घरी आले आणि मिस्टरांना म्हणाले, "वहिनींचं नाव टाकतोय, हरकत नाही ना?" मिस्टर म्हणाले, "टाका की." त्या अख्ख्या बैठकीत माझा वाटा चहाचा.

तेव्हापासून सभा रात्री साडेआठ-नऊला होते आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताचं रजिस्टर घरी येतं. घेऊन येणारा पोरगा बोट ठेवतो, "काकू, इथं." एकदा मिस्टरच माझ्याऐवजी जाऊन बसून आले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मिस्टरांनाही नाही.

या खेपेला मी रजिस्टर वाचायला घेतलं आणि पोराला म्हटलं, उद्या ये. ते अजून माझ्याकडेच आहे, फ्रीजवर.

पहिली गोष्ट पाळीच्या तक्त्याची, कुणाच्या शेताला पाणी कधी ते त्यात लिहिलेलं असतं. रब्बीच्या पुढच्या आवर्तनात (कालव्याला पाणी सोडतात त्या खेपेला) टेलची पाळी रात्री अकराला सुरू होते. मागची पानं उलटली, तर मागच्या आवर्तनातही रात्रच, त्याच्या मागच्यातही. हेडवाल्यांना, म्हणजे चारीच्या तोंडाशी शेत असलेल्यांना, सकाळ. त्यांच्या विहिरी भरलेल्या, रात्री घरी झोपले तरी काही बिघडत नाही. आमच्याकडे उसाच्या कडेला बिबट्याचे ठसे दिसणं आता रोजचं झालंय. मिस्टर नाइटला असले की मी आणि सासूबाई जातो, एकीच्या हातात फावडं, एकीच्या हातात बॅटरी आणि काठी. सासूबाई मोठ्याने अभंग म्हणत राहतात. देवासाठी म्हणतात की बिबट्यासाठी, मी विचारलेलं नाही. आणि एवढं करून शेताच्या दारावर पाणी येतं ते घोट्याइतकं, कारण मध्ये लोकांनी डोंगळे, म्हणजे चोरून पाणी ओढायचे पाइप, टाकून ठेवलेत.

दुसरी गोष्ट ठरावाची. चारीत कपडे धुणे, जनावरे धुणे, हंडे भरणे यांस मनाई, दंड ५०० रुपये. चारीच्या शेवटाला एक वस्ती आहे, पंचवीसेक घरं. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेली माणसं, आता कायमची इथलीच झालीत. मुलं इथल्या शाळेत जातात. जमीन कुणाच्याच नावावर नाही, त्यामुळे संस्थेत कुणीच नाही. वस्तीवर नळ आहे, पाणी दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. आवर्तन आलं की बायका चारीवर धुणं काढतात, जाताना हंडा भरून नेतात. त्याच बायका माझ्याकडे कांदे लावायला येतात. ठराव नेमका कुणासाठी काढलाय हे गावात शेंबड्या पोरालाही कळेल.

तर मला विचारायचं असं की, संचालक म्हणून मला नक्की काय काय मागता येतं? टेलची रात्र कायद्याने बदलून घेता येते का? आणि ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांच्यासाठी पाणी वापर संस्थेत बोलायला जागा आहे की मी उगाच डोकं फोडून घेतेय? "कशाला पडतेस यात" हा सल्ला घरात रोज मिळतो, तो इथे नको.

निवृत्त_कालवा_निरीक्षक

ताई, आधी ते रजिस्टर फ्रीजवरून काढा आणि परत द्या. संस्थेचं दप्तर अडवलं म्हणतील आणि ठरावाचं बाजूला राहून तुमच्यावरच चर्चा होईल. देण्याआधी पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सही करायचीच तर सहीच्या वर तुमच्या अक्षरात लिहा, "सभेस हजर नव्हते, ठराव वाचला, असहमत", आणि खाली तारीख. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन घेतलेली सही म्हणजे हजेरी होत नाही. सचिवाला हे पक्कं ठाऊक असतं.

संस्था २००५ च्या कायद्याखाली आहे का ते बघा. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ असं त्याचं लांबलचक नाव. त्याआधीच्या संस्था सहकार कायद्याखाली नोंदलेल्या होत्या आणि काहींचं वळण अजून तेच आहे. २००५ च्या कायद्यात लाभक्षेत्रातला जमीनधारक आपोआप सभासद होतो. समितीवर हेड, मध्य, टेल तिन्हीकडची माणसं लागतात, बाईची जागा लागते, आणि अध्यक्षपदसुद्धा या तीन भागांत फिरवायचं असतं. तुम्ही बाई आहात आणि टेलच्याही आहात, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायचा तुमचा हक्क आहे. संचालकपती हे पद मात्र मी कुठल्याच कायद्यात वाचलं नाही.

आता तक्ता. शेजपाळी ही आपल्याकडची जुनीच पद्धत. पाणी टेलपासून द्यायला सुरुवात करायची आणि वर वर येत हेडला संपवायचं. खालचं भिजेपर्यंत वरच्यांनी दारं उघडायची नाहीत. कागदावर बहुतेक ठिकाणी हेच असतं. चारीवर मात्र हेडवाला म्हणतो, पाणी माझ्या बांधावरून चाललंय आणि मी काय नुसतं बघत बसू? रात्रीवरचा उपाय तर फुकटचा आहे. पुढच्या आवर्तनात अख्खा तक्ता बारा तासांनी सरकवायचा. ज्याची पाळी रात्री अकराला लागली त्याची सकाळी अकराला लागते. कुणाचं थेंबभर कमी होत नाही. तक्ता नव्याने लिहावा लागतो एवढंच, आणि लिहायच्या आळसाने जुनाच तक्ता वर्षानुवर्षं चालवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

एक हिशोब पाठ करून सभेला जा. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी एक तास चाललं की साधारण १ लाख २ हजार लिटर होतं. तेवढं एक एकरात पसरलं तर एक इंच उभं राहतं. तुमच्या चारीत किती क्युसेक शिरतं ते तोंडाशी पाणी मोजायला बांधलेल्या फ्ल्यूमच्या पट्टीवर दिसेल. फ्ल्यूम फुटलेला किंवा गाळाने भरलेला असेल तर पहिला ठराव त्याच्या दुरुस्तीचा मांडा. संस्थेला पाणी घनमापनाने मिळतं, आकारणी त्यावरच होते, तेव्हा माप बघायला कुणी नाही म्हणू शकत नाही. माप हातात नसेल तर सभेत नुसता आरडाओरडा होतो आणि त्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी.

द्राक्षवाला_निफाड

सगळं वाचलं. माझं मत कडू लागेल, पण लिहितो. पाण्याला बाई-पुरुष कळत नाही. आमच्या चारीचं अस्तर उखडलंय, गवत कमरेएवढं, निम्मं पाणी वाटेतच मुरतं. संस्था आमच्या हातात दिली ती मोडक्या चारीसकट. आवर्तनं किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथे आमची डाळ शिजत नाही आणि इथे आपण महिला संचालकाची सही कुठे घ्यायची यावर पानं भरतोय. आधी पाणी आणा, मग वाटणीचं बघू.

आणि धुण्याचं म्हणाल तर साबणाचा फेस, गोठ्याची घाण सगळं ड्रिपच्या फिल्टरमध्ये येतं. फिल्टर धुता धुता आमचा जीव जातो. ठराव काही कुणाची जात बघून केलेला नसतो. उगाच रंग देऊ नका.

टेलकडची_सून

भाऊ, अस्तराचं तुमचं एकदम बरोबर. पण अस्तर उखडलं, गवत माजलं, डोंगळे पडले की आधी कोरडं कोण राहतं? हेडची बाग तर हिरवीच असते. "आधी पाणी आणा, मग वाटणी" हे वाक्य आमच्याकडेही फार चालतं, आणि ते म्हणणाऱ्याचं शेत दरवेळी हेडलाच कसं असतं याचं मला कोडं आहे.

फेसाचं म्हणता, तर आमच्या चारीत वरच्या अंगाला तीन मोठे गोठे आहेत. त्यांचं सांडपाणी पाइपाने थेट चारीत उतरतं. रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं. गोठ्यांवर ठराव नाही, डोंगळ्यांवर नाही. दंड आहे तो हंड्याला. मी कशाला रंग देऊ?

निरीक्षक काका, रजिस्टर दिलं परत. तुम्ही सांगितलं तसंच लिहून दिलं. पोरगा दोनदा वाचून गेला.

वर्ग२_वाला (सिन्नर)

कडवा कालव्याच्या भागातून लिहितोय. ताईंच्या प्रश्नात आमचाही प्रश्न आहे, तो कुणी विचारत नाही म्हणून घुसतो.

आमची जमीन महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने वतनं गेली आणि जमीन नव्या शर्तीने परत मिळाली, म्हणून सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी. साडेतीन एकराचा गट आणि त्यावर तीसेक नावं. आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, त्यांच्या मुली, त्यातले कितीतरी कल्याण-उल्हासनगरला. कसतो मी आणि माझी चुलती. संस्थेने आमच्या गटाचा सभासद म्हणून एकच नाव धरलंय, सातबाऱ्यावरचं पहिलं. ते चुलत आजोबा वारलेत. म्हणजे पाणीपट्टीची पावती मयताच्या नावाने येते आणि सभेला बोलावणं कुणालाच येत नाही. चुलती पट्टी भरते, पण यादीत ती कुठेच नाही.

सभा कुठे घेता हेही बघा. आमच्याकडे अनेक वर्षं एका बड्या बागायतदाराच्या ओसरीवर व्हायची. कुणी "येऊ नका" म्हणत नव्हतं, पण तिथे आम्ही पायरीशी उभे राहायचो आणि खुर्च्यांवर कोण बसायचं ते ठरलेलं. शाळेच्या खोलीत घ्यायला लागले तेव्हा सगळेच बाकांवर बसायला लागले. पाण्यावरून आमच्या माणसांनी १९२७ ला महाडला काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे सांगत बसत नाही. मी सांगतोय ती नुसती खोली बदलायची गोष्ट आहे. तिला खर्च नव्हता, तरी मागायला आमच्या पिढीपर्यंत थांबावं लागलं.

ताई, तुमच्या यादीतली मयत नावं आधी मोजा. जितकी मयत, तितक्या वारस बायका बाहेर राहिल्या असं समजा.

चांदवडची_मावशी

वर्ग२ दादांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला होते. तेव्हा नवी नवरी होते, सासूबाई आणि मी एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो. एवढ्या बायका एका जागी मी आधी पाहिल्या नव्हत्या. त्यातूनच पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली, नवऱ्याने राजीखुशीने जमीन बायकोच्या नावावर करायची. मग १९९२ ला शासनाचं परिपत्रकही आलं, नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायचं. आमच्या घरात ते लागलं. सगळ्यांच्या घरात लागलं असं मी म्हणणार नाही. तलाठ्याकडे गेलं की "ती योजना बंद झाली" असं ऐकवतात. तेव्हा परिपत्रकाची प्रत घेऊनच जायचं आणि अर्जावर पोच घ्यायची.

पाणी वापर संस्थेचा कायदा चांगला का वाईट, मी वकील नाही. पण त्याची सगळी इमारत सातबाऱ्यावर उभी आहे. नाव असेल तर सभासद, सभासद असाल तर मत. मग समितीवर बाईची खुर्ची ठेवून काय उपयोग, यादीत बाईच नसेल तर? पंधरा घरं फिरून एक "वहिनी" शोधायची आणि चहा पिऊन यायचं. तुझ्याकडे आले तसेच.

यादीत बायका का नाहीत तेही सांगते. नवऱ्याच्या गावात ती सून, तिचं नाव नाही. माहेरी ती लेक, तिथे हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी. वडील गेले की तेराव्याच्या आत कागद तयार असतो. भाऊ म्हणतो, "माहेर पाहिजे ना तुला?" महाराष्ट्राने १९९४ लाच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला होता, केंद्राने २००५ ला दिला, सुप्रीम कोर्टाने २०२० ला पुन्हा स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असोत नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. एवढं सगळं होऊनही बहिणी भाऊबीजेची साडी घेऊन सही करून येतात. मीही माझ्या लेकीला अजून "सही करू नकोस" एवढंच सांगू शकलेय, पुढचं ती बघेल.

बाळ, एक काम कर. तुझ्या चारीवर ज्यांच्या घरी वारस नोंद अडकलीय त्या बायकांना घेऊन एका दिवशी तलाठी कार्यालयात जा. एकटी गेली की "साहेब बाहेर गेलेत". सहा-सातजणी गेल्या की साहेब सापडतात.

ओझरचा_पाटपाणीवाला

सगळे कायदा सांगतायत, मी जवळचं उदाहरण देतो. ताई दिंडोरीच्या आहेत म्हणजे वाघाड धरण त्यांना नवं नाही. ओझर हे वाघाडच्या उजव्या कालव्याचं टेल. धरण भरूनसुद्धा इथवर पाणी पोचत नव्हतं. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने इथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणून पाणी वापर संस्था काढायला लावल्या. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. राज्यातल्या सुरुवातीच्या संस्थांतल्या या. पुढे अख्ख्या प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि त्या मिळून प्रकल्पाची एक संस्था. सांगायचा मुद्दा एवढाच की चळवळ उभी राहिली ती टेलवाल्यांनी. हेडवाल्याला संस्थेची निकड कधीच नसते.

वस्तीच्या कामाला येईल अशी त्यातली एक गोष्ट सांगतो. इथे आवर्तनाचं पाणी नुसतं शेतात न देता ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांतही सोडलं. ते जमिनीत मुरलं आणि विहिरींना उतरलं. तुमच्या चारीचा शेवट कुठल्या ओहोळात पडतो? वस्तीची विहीर किंवा नळयोजना जिथून पाणी उचलते ती जागा त्याच्या आसपास असेल तर टेल भिजल्यावर थोडा वेळ पाणी तिकडे सोडा. भूमिहीनांना संस्थेचं सभासदत्व २००५ च्या कायद्याने मिळत नाही, तो जमिनीलाच बांधलेला आहे. पण पाणी कुठे सोडायचं हा निर्णय तर संस्थेच्या हातात आहे ना.

भूमिहीनांचा वाटा हे काही स्वप्न नव्हे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांच्या डोक्यांवर दिलं, दर माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनालाही हक्क. त्या पद्धतीचं कायद्यात रूपांतर झालं नाही, त्याला कारणं आहेत आणि त्यातलं एक गोड आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी मात्र पाणी वापर संस्थेच्या दारात उभं राहायची गरजच नाही. गावची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ग्रामपंचायतीची असते, तिच्यात निम्म्या बायका लागतात आणि दुर्बल घटकांची माणसं लागतात. सातबारा लागत नाही. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर. वस्तीला ते मिळत नसेल तर ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिलांच्या सभेत मांडा. ती सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते. बहुतेक गावांत तीसुद्धा रजिस्टरमध्येच होते, तुम्हाला सांगायला नको.

टेलकडची_सून

काय सांगू, तुमच्या दोघातिघांच्या उत्तरांवर अख्खी रात्र हिशोब करत बसले. वस्तीत पंचवीस घरं, माणसं सव्वाशे धरली. ५५ लिटरने दिवसाचे ६,८७५ लिटर. काकांचा आकडा १ लाख २ हजार. म्हणजे एक क्युसेकची एका तासाची पाळी म्हणजे सगळ्या वस्तीचं जवळजवळ पंधरा दिवसांचं पाणी! आणि आम्ही हंड्याला ५०० रुपये दंड लावतोय. मिस्टरांना दाखवलं तर त्यांनी स्वतः मोबाइलवर गुणाकार करून पाहिला. मग म्हणाले, "हे सभेत बोल." त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

द्राक्षवाला_निफाड

गणित तपासलं, बरोबर आहे. मुरतं-उडतं ते जमेस धरलं तरी फार फरक पडत नाही. माझा मुद्दा सोडत नाही, अस्तर आधी. पण त्या गोठ्यांच्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. फिल्टर तुंबतो तो त्यानेच, धुण्याने एवढा नाही. हे मी तरी कबूल करतो, आमच्याकडे कुणी करणार नाही.

निवृत्त_कालवा_निरीक्षक

धुण्यासाठी चारीच्या कडेला दोन-चार दगड बसवून घ्या आणि तिथलं पाणी चारीत न जाता बाहेर ओहोळात जाईल असा उतार काढा. जुन्या कालव्यांवर गावाजवळ पायऱ्या बांधलेल्या दिसतात, त्या उगाच नव्हत्या. खर्च किरकोळ आहे, फेसाची तक्रारही संपते. राज्याच्या जलनीतीत पिण्याचं आणि घरगुती वापराचं पाणी पहिल्या क्रमांकावर आहे, शेती त्यानंतर. हंड्यावर दंड टिकणार नाही असं सभेत सरळ सांगा.

टेलकडची_सून

सभा झाली. मंडळी, काय काय झालं ते लिहिते.

मी आधीच लेखी दिलं होतं की सभा दिवसा आणि शाळेत घ्यावी. वर्ग२ दादा, ही तुमची उचलली. सचिव म्हणाले, दिवसा लोक शेतात असतात. मी म्हटलं, रात्री आम्ही शेतात असतो, तुमच्याच तक्त्याने. रविवारी दुपारी चारला ठरली. मी तीन आज्यांना सोबत नेलं. त्यातल्या एकीने दोन ओळींतच सभा जिंकली. ती अध्यक्षांना म्हणाली, "तुझ्या बापाच्या वेळेला टेलला आधी पाणी यायचं रे. आता काय चारी उलटी वाहते का?" त्यानंतर शेजपाळीचं मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

बारा तास सरकवायला मंजुरी मिळाली, पण एका आवर्तनापुरती, "प्रायोगिक तत्त्वावर". हेडच्या दोघांनी विरोध नोंदवला. रात्रीची मोटार बिबट्याच्या भीतीने त्यांनाही लावता येत नाही असं ते म्हणाले. तेव्हा मला हसू आवरेना, पण आवरलं. दंडाचा ठराव रद्द झाला नाही, पुढच्या सभेपर्यंत स्थगित केला. गोठ्यांचे फोटो दाखवले, त्यावर शांतता पसरली आणि विषय फ्ल्यूमवर गेला. फ्ल्यूमची पट्टी पुसली गेलीय, ती बसवायचं ठरलं. वस्तीच्या ओहोळात पाणी सोडायचं "बघू" झालं. आमच्याकडे बघूचा अर्थ काय ते तुम्ही जाणता. सहा वारस नोंदींचे अर्ज मात्र त्याच आठवड्यात दिले. मावशी, तुम्ही म्हणालात तसंच, साहेब जागेवर होते.

एका गोष्टीवर सगळे हसले, तिथे मला मदत हवीय. आमचा पाटकरी, म्हणजे पाळीप्रमाणे चारीचं पाणी सोडणारा माणूस, सोडून गेलाय. मी सुचवलं की वस्तीतली एक बाई नेमा. तिचं घर चारीच्या शेवटाला आहे, टेलला पाणी पोचलं की नाही हे तिला दारातून दिसतं, डोंगळा कुठे पडलाय तेही तिला माहीत असतं. सगळे म्हणाले, बाई पाटकरी कुठे असते का? आणि पगार कुठून देणार? पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. दुसऱ्याला नाही.

निवृत्त_कालवा_निरीक्षक

पाटकरी पुरुषच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. संस्था शासनाला मापाने पट्टी भरते. आपल्या सभासदांकडून किती घ्यायची ते सर्वसाधारण सभा ठरवते, आणि पाटकऱ्याचा पगार, चारीची साफसफाई त्या फरकातूनच भागवायची असते. तुमच्या संस्थेने सभासदांचा दर शेवटचा कधी वाढवला ते बघा आणि थकबाकीदारांची यादी मागा. बहुधा पगाराचे पैसे त्या यादीतच अडकलेले सापडतील. नेमणूक लेखी करा, एका हंगामाची, आणि कामात फ्ल्यूमची नोंद सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिणं हे घाला. तिला लिहिता येतं का?

टेलकडची_सून

सातवी झालीय. आकडे माझ्यापेक्षा सुबक काढते. थकबाकीची यादी मागितली, सचिव म्हणतात पुढच्या आठवड्यात.

द्राक्षवाला_निफाड

ताई, तो बारा तासांचा तक्ता इथे टाका ना. आमच्याकडेही रात्रीचा वैताग आहे, बायको दोन वर्षांपासून हेच म्हणतेय.

टेलकडची_सून

टाकते उद्या, वहीतून फोटो काढून. आमच्या तक्त्यात पहिल्या ओळीला टेल आहे. तुमच्याकडे उतरवताना क्रम तोच ठेवा, आणि वहिनींना सभेला न्या.